उन्हाच्या धास्तीने प्यायलेलं पाणी: एका हौशी धावपटूच्या मॅरेथॉनचा प्रकरण अभ्यास

हा प्रसंग एका मोठ्या शहरातल्या पूर्ण मॅरेथॉनमधला आहे. धावपटूची संमती घेऊन तो इथे मांडला आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. त्यांच्याशी आणि त्यांच्यासोबत धावणाऱ्या मित्राशी झालेलं सविस्तर बोलणं आणि हॉस्पिटलचे कागद यांवर ही मांडणी उभी आहे.

मॅरेथॉनमध्ये पाणी कमी पडलं तर काय होतं, हे प्रत्येक धावपटूला ठाऊक असतं. पाणी जास्त झालं तर काय होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. हळू धावणाऱ्यांना तर ते कुणी सांगतच नाही. धोका मात्र त्यांनाच सगळ्यात जास्त असतो.

पार्श्वभूमी

धावपटूचं वय ४६, वजन ५२ किलो, नोकरी बैठी. काही वर्षं नियमित धावणं, बऱ्याच हाफ मॅरेथॉन पूर्ण केलेल्या, पण ४२.१९५ किलोमीटरची ही पहिलीच वेळ. तयारी मनापासून आणि शिस्तीत झाली होती. आठवड्याचे किलोमीटर हळूहळू वाढवले, सगळ्यात मोठी लाँग रन ३० किलोमीटरची केली, शेवटचे तीन आठवडे टेपरही, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करत नेणंही, नीट पाळला. लक्ष्य होतं ४ तास ४५ मिनिटांचं, म्हणजे किलोमीटरला पावणेसात मिनिटं.

तयारीतली एक गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. त्यांच्या सगळ्या लाँग रन पहाटेच्या गारव्यात झाल्या होत्या. कंबरेच्या पट्ट्याला अर्ध्या लिटरची बाटली असायची आणि ती बहुतेक वेळा संपायचीही नाही. तहान लागली की दोन घोट, एवढंच. त्यावर त्या तीन-साडेतीन तास व्यवस्थित धावत होत्या. आपल्या शरीराला किती पाणी लागतं याचा अनुभव त्यांच्याकडे होता. तो कुठे लिहून ठेवला नव्हता इतकंच.

शर्यतीच्या दोन दिवस आधी अंदाज बदलला. नेहमीपेक्षा बरीच जास्त गरमी आणि दमट हवा असणार असं सांगण्यात आलं. मोठ्या शहरातल्या मॅरेथॉनमध्ये हजारो लोकांना टप्प्याटप्प्याने सोडतात. हळू धावणाऱ्यांचा नंबर शेवटी लागतो, त्यामुळे उन्हाचा सगळ्यात वाईट भाग त्यांच्याच वाट्याला येतो. यांची सुरुवात साडेसातला होणार होती. म्हणजे शेवटचे दहा-बारा किलोमीटर भर उन्हात.

ही काळजी खोटी नव्हती. २००७ च्या शिकागो मॅरेथॉनच्या दिवशी तापमान ३१ अंशांच्या आसपास गेलं, पाण्याचे स्टॉल कोरडे पडल्याच्या तक्रारी झाल्या आणि साडेतीन तासांनंतर शर्यत थांबवावी लागली. अशा गोष्टी धावपटूंच्या लक्षात राहतात. यांच्या गटात निरोपांचा पाऊस पडला: भरपूर पाणी प्या, तहान लागायची वाट बघू नका, एकही स्टॉल सोडू नका.

पहिला निर्णय: आदल्या रात्री

त्यांच्यासमोर तीन मार्ग होते. वेळेचं लक्ष्य तेच ठेवायचं, ते सैल करायचं, किंवा शर्यतच सोडायची. त्यांनी दुसरा निवडला: किलोमीटरला सात मिनिटं दहा सेकंदांच्या आसपास धावायचं आणि पाच तास लागले तरी चालतील. महिनोन् महिने एका आकड्यासाठी घाम गाळल्यावर आदल्या रात्री तो आकडा सोडून देणं सोपं नसतं. हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. उन्हात शरीरातली उष्णता वाढते ती मुख्यतः वेगामुळे, आणि ती आटोक्यात ठेवण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे वेग कमी करणं.

पाण्याचा निर्णय मात्र वेगळ्या तर्काने झाला. दर अडीच किलोमीटरला स्टॉल होता, प्रत्येक स्टॉलवर २०० मिलिलीटरची छोटी बाटली मिळणार होती. प्रत्येक ठिकाणी एक बाटली पूर्ण संपवायची असं ठरलं. शिवाय मिठाच्या कॅप्सूल बरोबर घेतल्या, म्हणजे क्षारांची काळजी मिटली असं वाटलं.

या दोन निर्णयांचा आपसातला संबंध त्या रात्री कुणाच्या लक्षात आला नाही. वेग कमी केला की तासाला येणारा घाम कमी होतो आणि रस्त्यावरचा वेळ वाढतो. म्हणजे गरज कमी आणि पिण्याची संधी जास्त. पहिल्या फळीतला धावपटू दोन-सव्वादोन तासांत संपवतो. त्या वेगात पोटात पाणी ठरतच नाही, त्यामुळे जास्त पिणं त्याला जवळपास अशक्य असतं. पाच तास धावणाऱ्याला पाणी प्यायला भरपूर सवड असते.

शर्यत: सुरुवात ते २० किलोमीटर

होल्डिंग एरियात, म्हणजे सुरुवातीआधी धावपटूंना थांबवतात त्या जागी, तासभर उभं राहावं लागलं. तिथेच अर्धा लिटर पाणी पोटात गेलं, तेही मुख्यतः अस्वस्थतेपोटी. सुरुवातीचे किलोमीटर छान गेले. उंच इमारतींच्या मधून जाताना घड्याळावरचा वेग वेडावाकडा दिसू लागला, कारण तिथे उपग्रहाचा सिग्नल भिंतींवरून परावर्तित होतो. त्यांनी घड्याळाकडे बघणं सोडलं आणि किलोमीटरच्या पाट्यांवर वेळ मोजली. शांत डोक्याने धावणाऱ्या बाई होत्या, हे यावरूनही दिसतं.

प्रत्येक स्टॉलवर एक बाटली. ठरल्याप्रमाणे.

वीसच्या आसपास उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागली. सोबतच्या मित्राकडे आयबुप्रोफेनची गोळी होती. ती द्यावी की नाही यावर चालता चालता थोडी चर्चा झाली आणि त्यांनी ती घेतली. धावपटूंमध्ये हे इतकं सर्रास चालतं की त्यात निर्णय असा काही वाटतच नाही. पण या जातीच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर परिणाम करतात, शरीराला जास्तीचं पाणी बाहेर टाकणं अवघड जातं आणि रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला घटक, पातळ होऊन उतरण्याचा धोका वाढतो. वेग कमी करणं, थोडं चालून बघणं किंवा तिथेच थांबणं हे पर्याय होते. शर्यतीच्या मध्यावर गोळी घेणं हा त्यातला सगळ्यात सोयीचा आणि सगळ्यात वाईट पर्याय होता.

अडचण समोर येते: २५ ते ३३ किलोमीटर

पंचविसाव्या किलोमीटरनंतर डोकं जड व्हायला लागलं. पोटात पाणी डुचमळत होतं. घड्याळाचा पट्टा रुतायला लागला म्हणून त्यांनी तो एक भोक सैल केला. थोड्या वेळाने पुन्हा एक भोक. बोटातली अंगठी फिरेना. तहान अजिबात नव्हती. सकाळपासून लघवीलाही जावं लागलं नव्हतं.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची जागा ही आहे. घट्ट झालेला पट्टा, सुजलेली बोटं, डुचमळणारं पोट, नसलेली तहान या सगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. पण डोकेदुखी आणि मळमळ पाणी कमी पडल्यावरही होते, जास्त झाल्यावरही होते. आणि दोन दिवस कानावर एकच गोष्ट पडली होती. त्यामुळे त्यांनी डोकेदुखीचा अर्थ ‘पाणी कमी पडतंय’ असा लावला. साडेसत्तावीस आणि तीस किलोमीटरच्या स्टॉलवर त्यांनी एकाऐवजी दोन-दोन बाटल्या संपवल्या. लघवी झाली नाही याचाही अर्थ तसाच लावला गेला. प्रत्यक्षात ताण, वेदना आणि मळमळ यांमुळे शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडतं, आणि पोटात लिटरभर जास्त पाणी असतानाही लघवी बंद राहू शकते.

यावेळी पर्याय काय होते? पिणं थांबवून चालत राहणं आणि तासाभरात काय होतं ते बघणं. जवळच्या मेडिकल टेंटमध्ये जाऊन वजन करून घेणं. किंवा निदान मित्राला स्पष्ट सांगणं. तिसरी गोष्टही उशिरा झाली. मित्र सांगतो, “ताई नेहमी बोलतात धावताना. अठ्ठावीसनंतर त्या गप्पच झाल्या. मला वाटलं, दमल्या असतील.”

तेहतिसाव्या किलोमीटरला, चार तास होत असताना, त्यांना उलटी झाली. बाहेर पडलं ते जवळपास स्वच्छ पाणी. त्यानंतर त्या धावायला लागल्या त्या मागच्या दिशेने. मित्राने हात धरला, “ताई, आपण उलटं चाललोय,” म्हणाला, आणि त्यांना बाजूच्या टेंटकडे नेलं. त्या चिडल्या, आपल्याला काही झालेलं नाही म्हणाल्या. त्याने ऐकलं नाही. स्वतःची शर्यत तिथेच सोडून तो त्यांच्यासोबत बसला. या सगळ्यात ज्याला मी मनापासून दाद देईन, तो हा माणूस.

टेंटमधले निर्णय

दारातल्या स्वयंसेवकाने पहिल्यांदा काय केलं? पाण्याची बाटली पुढे केली. त्याचा दोष नाही. सकाळपासून आलेल्या बहुतेकांना ऊन बाधलं होतं आणि त्याला तेवढंच सांगितलं गेलं होतं. त्यांनी दोन घोट घेतलेही.

आतल्या डॉक्टरांनी मात्र बाटली बाजूला ठेवली आणि मित्राला विचारलं: यांनी आत्तापर्यंत किती पाणी प्यायलं, लघवी कधी झाली, काही गोळी घेतली का? मित्राला स्टॉलचा हिशेब पाठ होता. होल्डिंग एरियातलं धरून साधारण साडेतीन लिटर. बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या कागदाच्या, मागे या शर्यतीत धावपटूंनी सकाळचं वजन लिहायचं होतं. यांनी ते लिहिलं होतं: ५२. टेंटमधल्या काट्यावर भरलं ५३.१. चार तास उन्हात धावलेल्या माणसाचं वजन थोडं घटायला हवं. ते किलोभर वाढलं असेल तर दुसरं काही बघायच्या आधी ते बघावं लागतं.

तरीही डॉक्टर तिथे थांबले नाहीत. एवढ्या गरमीत, गोंधळलेल्या धावपटूच्या बाबतीत उष्माघात आधी वगळावाच लागतो, कारण त्यात मिनिटं मोजून असतात आणि रुग्णाला हॉस्पिटलला नेण्याआधी जागेवरच बर्फाच्या पाण्यात गार करावं लागतं. गुदद्वारातून तापमान घेतलं, ते ३८.६ निघालं. मॅरेथॉनपटूमध्ये हे अपेक्षितच. उष्माघातात ते साधारण ४० च्या वर असतं. मग हातात मावणाऱ्या उपकरणावर रक्ताचा थेंब तपासला. सोडियम १२७. निरोगी माणसात ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असतं.

इथे एक चुकीचा पर्याय अगदी हाताशी होता. नेहमीची सलाईन लावणं. थकलेल्या धावपटूला सलाईन लावली की नातेवाइकांनाही बरं वाटतं. पण शरीर पाणी धरून ठेवत असताना नेहमीची सलाईन लिटरभर सोडली तर सोडियम चढण्याऐवजी आणखी उतरूही शकतं. डॉक्टरांनी तोंडावाटे पाणी पूर्ण बंद केलं आणि तीन टक्के तीव्रतेची मिठाची सलाईन, फक्त १०० मिलिलीटर, शिरेतून दिली. सोडियम उतरल्याने मेंदूला सूज येऊ शकते आणि गोंधळलेपणा हे त्याचंच लक्षण असतं. अशा वेळी हीच थोडी पण तीव्र मात्रा देतात, आणि गरज पडली तर दहा-दहा मिनिटांनी पुन्हा देतात. यांना एकदाच द्यावी लागली. अर्ध्या तासात त्यांनी स्वतःचा बिब नंबर बरोबर सांगितला. आधी विचारला होता तेव्हा त्यांनी घरचा फोन नंबर सांगायला सुरुवात केली होती.

आणि मग त्यांनी कट-ऑफबद्दल, म्हणजे शर्यत संपवायच्या मुदतीबद्दल, विचारलं, “कट-ऑफला अजून वेळ आहे ना? नऊ किलोमीटर चालत जाईन.”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पहिली मॅरेथॉन, अनेक महिन्यांची तयारी, समोर शेवटचे नऊ किलोमीटर आणि डोकं साफ झालेलं. टेंटमधल्या एकाचं म्हणणं होतं, सोबतीला माणूस देऊन सोडू या. डॉक्टरांनी ठाम नकार दिला. कारण त्यांनी असं सांगितलं: पोटात आणि आतड्यात अजून पाणी आहे, ते पुढचा तासभर रक्तात उतरत राहणार. आत्ता बरं वाटतंय म्हणून सोडलं, तर त्या रस्त्यात किंवा घरी जाऊन पुन्हा कोसळू शकतात. बिब काढून घेतला आणि त्यांना अॅम्ब्युलन्सने हॉस्पिटलला पाठवलं.

निष्पत्ती

दुपारी भरपूर लघवी झाली. संध्याकाळी सोडियम १३४ वर आलं. रात्रभर देखरेखीखाली ठेवून सकाळी घरी सोडलं. आठवडाभर थकवा राहिला. कायमचा काही परिणाम झाला नाही.

मनाला लागलेली गोष्ट वेगळी होती. पहिले काही दिवस भेटणारा प्रत्येक जण म्हणायचा, “एवढ्या उन्हात पाणी कमी पडलं असणार.” त्या समजावून थकल्या. धावपटूंनाही हे पटवावं लागलं, यावरून या विषयावर किती कमी बोललं जातं ते कळतं. खरं तर ही नवी गोष्ट नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये अभ्यासकांनी ४८८ धावपटूंचं रक्त अंतिम रेषेजवळ तपासलं. त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम उतरलेलं होतं, तिघांचं तर १२० किंवा त्याखाली. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. धोका कुणाला जास्त, तर ज्यांचं वजन शर्यतीत वाढलं, ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला आणि ज्यांची शरीरयष्टी अगदी बारीक किंवा फार जाड होती त्यांना. वजन वाढणं ही सगळ्यात मोठी खूण. नुसतं पाणी प्यायलं की स्पोर्ट्स ड्रिंक, याने फारसा फरक पडला नव्हता. ते अपेक्षितच आहे, कारण त्या पेयांतलं सोडियम रक्ताच्या मानाने बरंच कमी असतं. मिठाच्या कॅप्सूलचंही तेच. पाणी गरजेपेक्षा जास्त जात असेल तर कॅप्सूल ते भरून काढू शकत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

धावपटूच्या बाजूने पहिली गोष्ट म्हणजे घामाचं मोजमाप. ते घरी होतं आणि त्याला वजनकाट्याशिवाय काही लागत नाही. तासभर धावण्याआधी कपडे काढून वजन करायचं, धावताना किती पाणी घेतलं ते लक्षात ठेवायचं, परत आल्यावर अंग पुसून पुन्हा वजन करायचं. वजनातली घट आणि प्यायलेलं पाणी यांची बेरीज म्हणजे त्या तासाचा घाम. पुढे त्यांनी हे उन्हात, शर्यतीच्याच वेगाने केलं तेव्हा आकडा अर्ध्या लिटरच्या आसपास आला. म्हणजे चार तासांत जेमतेम दोन लिटर घाम, आणि प्यायलं होतं साडेतीन. हा आकडा आदल्या रात्री हाताशी असता तर ‘प्रत्येक स्टॉलवर पूर्ण बाटली’ ही योजना कागदावरच बाद झाली असती. अर्थात घाम माणसागणिक खूप वेगळा असतो. जाडजूड, वेगवान धावपटूला तासाला दीड लिटरही घाम येऊ शकतो, त्याला हीच योजना अपुरी पडली असती. म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याने उचलू नये.

मोजमाप जमलं नाही तरी तहान आहेच. २०१५ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने जे एकमत मांडलं, त्याचा गाभा तहानेप्रमाणे पिण्याचाच आहे. ‘तहान लागली म्हणजे उशीर झाला’ हे वाक्य पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं आहे. बहुतेक हौशी धावपटूंच्या बाबतीत ते चुकीचं आहे, आणि ते सांगणं थांबायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

गोळीबद्दल दुमत असायचं कारण नाही. शर्यतीच्या दिवशी आयबुप्रोफेन किंवा त्या जातीचं काहीही घेऊ नये, आणि मित्राच्या खिशातून तर मुळीच नाही.

आयोजकांच्या बाजूने दोन गोष्टी सहज होण्याजोग्या आहेत. टेंटच्या दारातल्या स्वयंसेवकाने पाणी देण्याआधी ‘किती प्यायलात?’ एवढं विचारावं. आणि पूर्ण बाटलीऐवजी अर्धा भरलेला कप द्यावा. हातात बाटली आली की माणूस ती संपवतो, या धावपटूने तेच केलं. वजनकाटा आणि रक्त तपासण्याचं छोटं उपकरण त्या टेंटमध्ये होतं म्हणून निदान काही मिनिटांत झालं. ते नसतं तर अंदाजाने सलाईन लागली असती.

एका मुद्द्यावर धावपटूचं आणि माझं एकमत नाही. त्या म्हणतात, एवढ्या उन्हाचा अंदाज असताना पहिली पूर्ण मॅरेथॉन धावायलाच नको होती. मला तसं वाटत नाही. वेग कमी करायचा त्यांचा निर्णय उन्हापुरता पुरेसा होता, ३८.६ तापमान हेच सांगतं. त्या उन्हाने कोसळल्या नाहीत. उलट तो दिवस थंड असता आणि याच पद्धतीने पाणी प्यायलं असतं, तर घाम आणखी कमी आला असता आणि सोडियम आणखी खाली गेलं असतं. यावर आमचा वाद अजून चालू आहे.

दरम्यान त्यांनी दुसऱ्या एका शहरातली मॅरेथॉन ५ तास ८ मिनिटांत पूर्ण केली. मित्र पुन्हा सोबत होता. निघण्याआधी दोघांनी ठरवलं होतं, दर पाच किलोमीटरला एकमेकांना एकच प्रश्न विचारायचा: तहान आहे का? नसेल, तर स्टॉल सोडून पुढे.